शैलाच्या नावाची नळी

लालबागच्या त्या चाळीत रखमामावशीचा आवाज असा, की तिनं गॅलरीतून हाक मारली तर हिंदमातेच्या दुकानांतले सेल्समन साड्यांच्या घड्या अर्धवट टाकून रस्त्यावर येत. निदान चाळीत तरी असंच सांगतात. सत्तावन्न वर्षांची ही बाई विहारातल्या महिला मंडळाची प्रमुख, आणि तिचा हट्ट एकच: यादीतलं एकही घर सुटता कामा नये. बुद्धपौर्णिमेच्या खिरीसाठी घराघरातून वाटीभर तांदूळ यायचे. एखाद्या दाराला कुलूप असलं, की मावशी आपल्याच डब्यातली दुसरी वाटी त्या घराच्या नावानं पातेल्यात ओतायची. पातेलंही असं, की एका वर्षी त्यात हरवलेली पळी पुढच्या वर्षी सापडली. तीस वर्षं हे चाललं. खिरीनं कधी तक्रार केली नाही.

म्हणूनच जानेवारीत एका संस्थेनं विहारात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी ठेवली, तेव्हा पन्नास बायकांची यादी मावशीनंच केली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. संस्थेची हेलन सिस्टर मात्र न हसता समजावत होती: हा आजार बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू पुष्कळ जणींना लागतो आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो. काहींच्यात मात्र मुक्काम ठोकतो, आणि वर्षानुवर्षं बाईला काही कळत नाही. तपासणीला कुणापुढं टेबलावर झोपायचंही नव्हतं. मऊ ब्रश घ्यायचा, पडद्याआड जाऊन स्वतःच आत फिरवायचा आणि नळीत ठेवायचा.

सगळ्यांत आधी मावशी गेली. बाहेर रांग, आत जीव आखडलेला. ब्रश कसाबसा टेकवून ती बाहेर आली आणि बायकांना म्हणाली, कान कोरण्याइतकंसुद्धा काही नाही गं.

एकोणपन्नास नळ्या भरल्या. पन्नासावी होती समोरच्या खोलीतल्या शैलाची. शैला हिंदमातेला साड्यांच्या दुकानात कामाला. लग्नसराई होती, शेठनं सुट्टी दिली नाही. सिस्टर खोकी आवरायला लागली, तशी मावशीनं शैलाच्या नावाची नळी गुपचूप उचलली आणि पुन्हा पडद्याआड गेली. या खेपेला तिनं अंग सैल सोडलं. ब्रश सांगितला होता तसा पाच वेळा फिरवला, सावकाश. दुसऱ्याच्या नावाचं काम, त्यात हलगर्जी करून चालत नाही. फॉर्मवर फोन नंबरही स्वतःचाच दिला.

तीन आठवड्यांनी रिपोर्टची पाकिटं वाटायला मावशीकडेच आली. तिनं दोन मागं ठेवली. स्वतःच्या पाकिटात लिहिलं होतं: नमुना अपुरा, पुन्हा द्यावा. शैलाच्या पाकिटात होतं: एचपीव्ही प्रकार सोळा आढळला, पुढील तपासणी आवश्यक.

मावशी कॉटवर बसली. नळ्या दोन, पण बाई एकच, हे तिला कळत होतं. पण कळलेलं मान्य करायला तिनं साफ नकार दिला. रखमाच्या नावाच्या कागदात तर काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं तिनं स्वतःला पटवलं. अपुरा म्हणजे चांगला नव्हे, अजून कुणी नीट पाहिलेलंच नाही, हे हेलन सिस्टर पुढं एकदा नाही, चारदा सांगणार होती.

मग फोन सुरू झाले. शैला मोहिते बोलताय का, असं सिस्टरनं विचारलं आणि मावशी आवाज बारीक करून हो म्हणाली. कधी ती गावाला गेलेली असे, कधी तापानं पडलेली. एप्रिलपर्यंत तिनं फोनवर शैलाची सासू दोनदा मारली. सासू तेव्हा पॅसेजमध्ये बोंबील तळत होती.

चौदा एप्रिलला मिरवणुकीहून आल्यावर मावशीनं साडी सोडली. पांढऱ्या साडीवर मागं रक्ताचा डाग होता. तिची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. तिनं मोरीत बसून साडी घासली, डाग गेला, आणि दोन दिवसांनी परकरावर पुन्हा आला. त्यानंतर गॅलरीतून तिची हाक कुणी ऐकली नाही.

पुढचा फोन आला तेव्हा सिस्टर चिडलेली नव्हती, थकलेली होती.

"शैला, हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही. विषाणू सापडलाय, एवढंच. पण त्यानं आत काही बिघडवलंय का, हे दुर्बिणीतून बघावंच लागेल. तू ये गं."

मावशी गेली. परळच्या त्या हॉस्पिटलात हेलन सिस्टरच्या हातात कागद होता: शैला मोहिते, वय चौतीस. तिनं समोरच्या पिकल्या केसांकडं पाहिलं.

"रखमामावशी? तुम्हाला पाठवलं का तिनं?"

एक हो पुरेसा होता. शैला घाबरलीय, मीच तिला घेऊन येते, असं म्हणून बाहेर पडता आलं असतं, आणि पुन्हा कुणी फोन केला नसता. मावशीनं बाकाचा कठडा धरला.

"शैला कामावर आहे," ती म्हणाली. "तो ब्रश माझाच होता. दोन्ही वेळा."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, की त्या पोरीची तपासणी कुणी केलीच नाही, हे कुणाला आणि कधी कळणार होतं? मग तिनं नवा कागद काढला. तिथल्या डॉक्टर प्रितीनं दुर्बिणीतून पाहिलं, औषध लावल्यावर पांढरा पडलेला भाग बघितला आणि त्यातला कणभर तुकडा तपासायला घेतला.

त्या संध्याकाळी मावशीनं शैलाचं दार वाजवलं आणि उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. फोनवर सासूला मारल्याचंही.

"माझ्या नावावर मरणार होतात, मावशी?" असं म्हणून शैलानं दार लावून घेतलं.

दहाव्या दिवशी ती हॉस्पिटलात आली, पण स्वतःची नळी द्यायला. बाकावर मावशीपासून हातभर लांब बसली. मावशीला रिपोर्टसाठी आत बोलावलं तेव्हा मात्र न विचारता मागोमाग गेली.

डॉक्टरनं कागद समोर ठेवून सरळ सांगितलं. कॅन्सर आहे. नुसत्या वरच्या थरात राहिलेला नाही, आत शिरलाय. किती, ते स्कॅननं कळेल. मग ऑपरेशन की रेडिएशनचा शेक, हे ठरेल. उपचार आहेत, पण ते बरेच महिने चालतील.

"फेब्रुवारीत आल्या असत्या तर?" शैलानं विचारलं.

डॉक्टर म्हणाली, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

बाहेर शैलानं टॅक्सी थांबवली. मावशी आत सरकली. भारतमाता टॉकीज मागं गेल्यावर तिनं बोलायला तोंड उघडलं.

"गप बसा," शैला म्हणाली, आणि मावशीची फाइल मांडीवर घट्ट धरून खिडकीबाहेर बघत राहिली.