कुंकवाची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. खडूची नव्हे हं! दुकानदार मला ‘पेन डिस्प्ले’ म्हणतात. माझ्या काचेवर खास पेनानं चित्र काढायचं, की पेनाखालीच ते उमटतं. पण हर्षालीबाईंनी मला घरी आणलं त्याच दिवशी ‘पाटी’ म्हटलं, आणि मला तेच नाव आवडलं.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात मी घडले. बाई तेव्हा पुण्यात मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायच्या. किती वाघ, किती भोपळे, किती पऱ्या माझ्या अंगावरून गेल्या! पेन हलकं टेकवलं की रेघ केसासारखी बारीक, दाबलं की जाडजूड. आणि तळहात खुशाल टेकवा, मी फक्त पेनाचंच ऐकते. पुढे बाई राजुरीजवळच्या एका मळ्यातल्या शाळेत शिकवू लागल्या, तशी मीही त्यांच्या पिशवीतून तिथे आले. पोरांनी मला डोक्यावर घेतलं. सातवीतल्या समृद्धीचा हात तर माझ्यावर असा बसला, की काही विचारू नका.

मग भिंतीवर स्मार्ट बोर्ड आला. केवढा थोरला! नुसतं बोट लावलं की लिहितो, चार पोरं एकदम चित्र काढतात, शेवटच्या बाकावरूनही लख्ख दिसतं. आता मला कोण विचारतंय? माझी रवानगी कपाटात. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला! त्यात बाई कुणाला तरी फोनवर म्हणाल्या, "पडूनच आहे हो. उद्या बेल्ह्याच्या बाजाराला येते, तेव्हा दुकानात देऊन जाते." बाजारात बैल विकतात हे ठाऊक होतं, आता माझंही दावं सुटणार म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डाचं उद्घाटन होतं. मी टेबलाखाली, उघड्या पिशवीत. शाळा समितीचे अध्यक्ष भिमाजीआप्पा यांनी नारळ फोडला, बोट कुंकवात बुडवलं आणि बोर्डाला टिळा लावला. लावला मात्र, बोर्डावर निळी रेघ उमटली!

"आरं तिच्या! ह्यो तर लिवाय लागला!" आप्पा गडबडले आणि तळव्यानं रेघ पुसू लागले. तळवा लागला की बोर्ड खोडतो. रेघ गेली, आणि पोरांनी लिहिलेलं ‘सुस्वागतम्’ही गेलं. हशा पिकला.

मग समृद्धी पुढे आली. आपल्या आजोबांचा बैल, सर्जा, ती सगळ्यांसमोर काढणार होती. पण माझ्यावर शिकलेला हात तो! सवयीनं तळवा टेकला. शिंगं काढावीत तर वशिंड पुसलं जाई, वशिंड काढावं तर पाठ गायब.

"पोरी, सर्जाला वशिंडच न्हाई व्हय गं?" पुढच्या खुर्चीवरून तिच्या आजोबांनी, सोपानआबांनी विचारलं. पुन्हा हशा. समृद्धीचे डोळे भरून आले. मला तर पिशवीत बसवेना!

तेवढ्यात बाईंचा हात पिशवीत आला. त्यांनी मला लॅपटॉपला जोडलं, लॅपटॉप बोर्डाला जोडला आणि पेन समृद्धीच्या हातात दिलं. तिनं तळवा माझ्यावर टेकला. अहाहा, किती दिवसांनी! शिंगं, वशिंड, झुपकेदार शेपूट. मी इथे रेघ उमटवत होते, आणि तीच रेघ बोर्डावर भिंतभर दिसत होती. तेव्हा मला कळलं, बारकं काम माझं, थाट त्याचा. भांडायचं कशाला?

"आरं, सर्जाच हाय की! डाव्या कानाची चीर बगा!" सोपानआबा खुर्चीवरून उठलेच. "लई झ्याक काढलास गं!" टाळ्या थांबेनात.

बाईंनी तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला. "पाटी विकायची नाही हो. तिला काम आहे." माझा जीव भांड्यात पडला.

"मंग हिलाबी टिळा पायजे," म्हणत भिमाजीआप्पांनी भीतभीतच माझ्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. रेघ उमटली नाही.

"हिला कसं काय कळंना?"

"कळतं की आप्पा," समृद्धी हसली, "पण ती फक्त पेनाचंच ऐकते!"

मित्रांनो, नवं येईल, त्याचं कौतुक जरूर करा. पण जुन्याला कपाटात टाकण्याआधी नव्याशी एकदा जोडून तर बघा. माझी काचही मऊ, कोरड्या फडक्यानं पुसत जा. फक्त कोपऱ्यातला तो टिळा तेवढा राहू द्या.