उभ्याने दिलेली उत्तरे

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे. तीन पाय आणि वर गोल बैठक, एवढाच माझा पसारा. आयर्लंडमधल्या लिमरिकजवळच्या एका सुताराने मला एका पबसाठी घडवले. वीस वर्षे मी तिथे लोकांची वजने आणि गाऱ्हाणी पेलली. पुढे पब बंद पडला आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. गिऱ्हाइके मला हलवून बघत आणि 'डुगडुगतंय' म्हणून पुढे जात. मी डुगडुगत नव्हतो, दुकानाची फरशीच वाकडी होती. पण माझे ऐकतो कोण!

२००५ साली जयेशने मला घरी आणले. त्याची बायको नंदिनी मूळची नागपूरची, इथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. काम दिवसभर उभ्याने. तिला मज्जातंतूंचा आजार जडला होता आणि दहा मिनिटांत तिचे पाय गळून जात. जयेशने ओट्याच्या मापाने माझे पाय कापले, तेव्हा मला फार राग आला. पण नंदिनी माझ्यावर बसून पोळ्या लाटू लागली आणि म्हणाली, "हे स्टूल म्हणजे माझे पाय आहेत." इतके कौतुक माझे आयुष्यात कोणी केले नव्हते.

कंपनीच्या विम्यातून आजारपणाचा भत्ता मिळाला, तर तिला घरी राहून उपचार घेता येणार होते. नाहीतर रजा संपताच पुन्हा उभ्याने काम. त्यासाठी विमेवाल्यांची नर्स फोनवर प्रश्न विचारणार होती. वेळ ठरली मंगळवारी दुपारी दोनची, कारण तेव्हा जयेश नंदिनीच्या आईला, विद्याताईंना, बाजारात नेणार होता. विद्याताई नागपूरहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. नवरा गेल्याचे दुःख अजून ताजे होते, म्हणून नंदिनीने त्यांच्यापासून आजार लपवला होता. काठी कपाटात, गोळ्या डाळीच्या डब्यामागे. मी मात्र उघड्यावर होतो. स्टुलाचा संशय कोणाला येणार?

ओट्याजवळच्या भिंतीवरचा फोन वाजला सकाळी साडेदहालाच. विद्याताई समोरच मटार सोलत बसल्या होत्या.

"दोनला करता येईल का?" नंदिनीने इंग्रजीत विचारले. पलीकडून नकार आला असावा, कारण तिचा चेहरा उतरला. ती माझ्यावरून उठून उभी राहिली. आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीत खरे सांगून टाकायचे. पण विद्याताईंनी तीस वर्षे शाळेत इंग्रजीच शिकवले होते.

"हो, स्वयंपाक मीच करते."

"जिना? चढते की."

"उभी? आत्ता उभीच आहे मी."

मित्रांनो, ते खरे होते. पण तिचा एक हात माझ्या बैठकीवर होता आणि अंगाचा सगळा भार त्या हातावर होता. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण लाकडाची साक्ष कोण काढतो?

"कोणाशी बोलून राहिलीस गं एवढं?" विद्याताईंनी विचारले.

"ऑफिसचं गं आई. रुटीन आहे."

पंधरा दिवसांनी पत्र आले. भत्ता नामंजूर. नंदिनीने ते डाळीच्या डब्यामागे दडवले. दुसऱ्याच दिवशी विद्याताई वरणाला डाळ काढायला गेल्या आणि पत्र आणि गोळ्या दोन्ही त्यांच्या हाती लागले. पत्र वाचता वाचता त्या माझ्यावर मटकन बसल्या. नंदिनी दारात थबकली.

"तू फोनवर फडाफडा उत्तरं देत होतीस, अन् मी मनातल्या मनात मार्क देत होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माझी पोर ठणठणीत आहे."

बराच वेळ रडल्या. मग उठल्या आणि मला नंदिनीपुढे सरकवले.

"बस. आता मला सांग, किती वेळ उभं राहता येतं?"

"दहा मिनिटं, आई."

अपील केले. पण विमेवाल्यांनी फोनवरचे तिचेच शब्द तिच्यापुढे ठेवले. विद्याताई परत गेल्या. नंदिनी आता कामावर जाते. कारखान्यातल्या तिच्या लाइनवर बसायची सोय नाही, असे जयेश सांगत होता. मी दिवसभर ओट्यापाशी रिकामा असतो.

मला जपा, पॉलिश करा, असे काही मी मागत नाही. एवढेच मागतो, की आपले माणूस 'मी बरी आहे' म्हणाले, तर त्याला आधी बसवा आणि मग पुन्हा विचारा. विद्याताईंनी तसेच विचारले होते. पण पंधरा दिवस उशिरा.