टिटवी आणि तिचा न ओरडणारा शेजारी

ओरडतेय ती मीच, टिटवी! कान किटले असतील तर किटू द्या. गप्प बसणं आमच्या रक्तात नाही.

मारेगावजवळ संगीताच्या वावरात, ढेकळांमध्ये मी चार अंडी घातली होती. घरटं म्हणाल तर साधा खळगा. परवा ट्रॅक्टरवाला खेमसिंग वावर नांगरायला आला. मी त्याच्यावर घिरट्या घालत सगळं रान डोक्यावर घेतलं. तसा तो खाली उतरला.

"वैनी, टिटवीची अंडी दिसून राह्यली!"

संगीता धावत आली. "तेवढी जागा सोडून चालव गा! टिटवीचं घर कोनी मोडते काय?" म्हणत तिने अंड्यांभोवती दगड मांडले. इथली ही जुनी रीत. ती बांधापर्यंत पोचली नाही तोच मी परत अंड्यांवर जाऊन बसले. आम्हाला कसली आलीय भीड!

तिचा सासरा उकंडाबाबा मात्र ते दगड पाहून हळहळला. "माळढोकाच्या अंड्यालेबी मी असेच दगड मांडलते. मले वाटलं, सारी पाखरं सारखीच."

माळढोक आमचा शेजारी. माझ्या पणजीने त्याला पाहिलं होतं. उंचापुरा, मान ताठ, चालणं व्याह्यासारखं रुबाबदार. त्याची मादीही उघड्या माळावरच अंडं घालायची, पण एकच. संकट आलं की ओरडायची नाही, गुपचूप निघून जायची. उकंडाबाबाने मायेने दगड मांडले. ते पाहून ती बिचकली आणि अंड्याकडे फिरकलीच नाही.

एका अंड्याने जात संपत नाही हो. पुढे माळच नांगरला गेला, गवत गेलं. आता आमच्या भागात एकही माळढोक नाही. आम्ही मात्र बांधावर, तळ्याकाठी, रस्त्याच्या कडेलाही नांदतोय. या टिकून राहण्याचा मला अभिमान वाटतो, आणि शेजाऱ्यासाठी वाईटही वाटतं.

आज माझी चारही पिल्लं बाहेर आली. लगेच तुरुतुरु पळायलाही लागली. उकंडाबाबा पोट धरून हसला. मग त्याची नजर जुन्या माळाकडे गेली. तिथे आता सगळं सोयाबीनचं वावर आहे.

म्हणून सांगते. माझ्यासाठी दगड मांडता, खुशाल मांडा. पण कुठे थोडं गवताळ रान उरलं असेल, तर ते तसंच राहू द्या आणि लांबूनच जा. तिथे कुणीतरी न ओरडता बसलेलं असेल.