काचेवरचा आकडा

आमच्या घरात साप आहे हे मी लाँड्रीत कुणालाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर शेजारच्या टेबलावर इस्त्री करायला कुणी उभं राहिलं नसतं. तसा तो बिनविषारी, लहान जातीचा अजगर. दोन हात लांब आणि स्वभावाने माझ्या नवऱ्यापेक्षा पुष्कळ गरीब. मी त्याला साहेब म्हणते. दिवसभर पडून राहायचं, जेवण दुसऱ्याने आणून द्यायचं आणि ते कोमट नसेल तर तोंड फिरवायचं, अशाला दुसरं काय म्हणणार?

साहेब माझ्या मुलाचे. गेल्या वर्षी त्यांच्यावरूनच घरात महाभारत झालं. "या घरात एक तर तो साप राहील, नाहीतर मी," असं नवरा म्हणाला. "तुम्ही कशाला जाता, मीच जातो," असं मुलगा म्हणाला आणि खरोखर गेला. बापाचा राग नाकावर, तर मुलाचा कपाळावर. त्याला खोली मिळाली, पण तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते. म्हणजे ज्याच्यावरून भांडण झालं तो घरात आणि ज्याचं घर तो बाहेर. मी तेव्हा हसले होते. दुसरं काय करणार?

तेव्हापासून मुलगा दर रविवारी तासभर येतो. येतो म्हणजे सापाकडे येतो. पेटी साफ करतो, त्याला हातात घेतो, माझ्याशी चार शब्द बोलतो आणि जातो. तेवढा वेळ त्याचा बाप गॅलरीत उभा राहून रस्त्यावरच्या गाड्या मोजल्यासारखं करतो. एरवी रोज संध्याकाळी मुलाचा फोन येतो. "जेवलीस का" हे नंतर. आधी विचारतो, "आई, किती आहे?"

किती म्हणजे पेटीतलं तापमान. पेटी काचेची, लांबट. तिची एक बाजू उबदार ठेवायची, दुसरी गार, म्हणजे साहेबांना हवं तिथे जाऊन बसता येतं. उबदार बाजूच्या तळाखाली विजेवर तापणारा एक पातळ पॅड आहे. तो जास्त तापू नये म्हणून त्याला थर्मोस्टॅट जोडलाय. थर्मोस्टॅट म्हणजे नुसता एक डबा आणि त्यावर फिरवायचं बटण. त्यातून एक बारीक तार निघते. तारेच्या टोकाला गरमी कळते. ते टोक मुलाने तळाच्या काचेला, बरोबर साहेबांच्या बसायच्या जागी, टेपने पक्कं चिकटवलं होतं. शिवाय आतल्या बाजूच्या काचेवर आकडा दाखवणारं छोटं थर्मामीटर लावलंय.

सुरुवातीला तो आकडा मी बघून सांगायचे. मग एकदा माझे हात पिठात होते, तर नवऱ्याच्या खुर्चीतून आवाज आला, "सत्तावीस म्हणावं." मी पुढे सांगितलं, "सत्तावीस म्हणतायत."  पलीकडून मुलगा म्हणाला, "बरं." त्या दिवसापासून आकडा सांगायचं काम नवऱ्याचं. फोन वाजायच्या आधीच उठायचा, चष्मा लावायचा, पेटीसमोर वाकायचा. बापलेकात वर्षभरात जे काही बोलणं झालं ते एवढंच, आणि तेही माझ्या तोंडून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे दोघं. पण मला तो सत्तावीसही पुरत होता, खरं सांगते.

गेल्या आठवड्यात मुलाने फोनवर सांगितलं, "आई, नवीन जागा मिळाली. इथे प्राणी चालतात. रविवारी मी त्याला घेऊन जातो."

मी "छान झालं" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ओट्याशी उभी राहून रडले. सुंठीवाचून खोकला गेला, असं एके काळी म्हटलं असतं मी. आता कळत होतं, की साहेब गेले की रविवार गेला, संध्याकाळचा फोन गेला, सत्तावीस गेला. मग हा मुलगा या घरी कशासाठी येणार? माझ्यासाठी? येईल, सणासुदीला पाहुण्यासारखा येईल.

 दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर नवऱ्याने पेटी आतून-बाहेरून घासून लख्ख केली होती. पाण्याचं भांडं चकचकीत, तळाला नवा कागद, काचेवर बोटाचा एक डाग नाही. साहेबांना कसं हलवलं विचारलं तर म्हणाला, "बादलीत ठेवला. काठीने." अंगाला हात लावायची अजून हिंमत नव्हती.

"नेताना नीट दिसलं पाहिजे," म्हणाला. "नाहीतर म्हणेल, बापाने हेळसांड केली."

माझा नवरा चाळीस वर्षं कारखान्यात विजेचे पॅनल जोडायचा. त्याच्या पॅनलमधल्या तारा बघायला साहेब लोक, म्हणजे खरे साहेब लोक, यायचे. एक तार वाकडी नाही, एक लोंबती नाही. घरातसुद्धा टीव्हीच्या मागे पाहाल तर तारांच्या वेण्या घातलेल्या. लोंबती तार दिसली की या माणसाला जेवण जात नाही. ही खोड मला ठाऊक होती. तरी मी पेटीच्या मागे वाकून पाहिलं नाही.

रविवारी सकाळी साहेब पाण्याच्या भांड्यात बसलेले दिसले. अख्खे वेटोळे घालून, मान तेवढी बाहेर.

"आंघोळ करतोय," नवरा म्हणाला. "त्यालाही कळलंय, आज जायचंय."

"कालही तिथेच होता हो."

"आकडा बघ ना. सत्तावीस आहे."

आकडा सत्तावीसच होता. पण माझं मन घेईना. साहेब कधी पाण्यात बसत नसत. मी जवळ बसून बघत राहिले. थोड्या वेळाने ते भांड्यातून निघाले आणि काचेला पोट घासत वर चढायला लागले, तेव्हा मला पोट दिसलं. एरवी पांढरंशुभ्र असतं. मधे वीतभर लालभडक झालं होतं, खवले सुटले होते आणि दोन ठिकाणी पाणी भरलेले फोड.

मी झाकण सरकवून आत हात घातला आणि उबदार बाजूच्या तळाला तळवा टेकवला. पुढच्या क्षणी मागे ओढला. माझा जन्म इस्त्रीपुढे गेलाय, हाताला चटके नवीन नाहीत. पण सुती शर्ट वाळेल इतकी तापली होती ती काच.

"अहो, इकडे या. आत्ताच्या आत्ता!"

तो आला. मी पेटी भिंतीपासून ओढली. मागे सगळ्या तारा एका सुरेख जुडीत बांधलेल्या. पॅडची, पेटीवरच्या दिव्याची, थर्मोस्टॅटची आणि ती टोकाला गरमी कळणारी बारीक तारही. तळाची टेप काढून, तार बाहेर घेऊन, जुडीत ओवून वर छानशी पट्टी आवळलेली. म्हणजे ते टोक पेटीबाहेर, खोलीच्या थंडीत लटकत होतं. त्याला आपलं वाटत होतं गार आहे, गार आहे. आणि पॅड तापत होता, थांबतच नव्हता. काचेवरचं थर्मामीटर हवेतला आकडा सांगत होतं. तळ जळतोय हे त्याला कुठून कळणार?

नवऱ्याला एका नजरेत कळलं. त्याचाच तो धंदा. त्याने बटण बंद केलं आणि तिथेच जमिनीवर बसला. तोंडाचा रंग उडाला होता. "मी रोज आकडा बघत होतो गं," एवढंच म्हणाला.

"ऐका," मी म्हटलं. "मी केलं असं सांगते. मला तो माफ करेल. तुम्ही गॅलरीत जा."

आणि बेल वाजली.

मुलगा हसतच आत आला, काखेत रिकामा खोका. पेटी पुढे ओढलेली बघून थबकला. मग त्याने साहेबांना उचललं, उलटं केलं, आणि त्याचं हसू गेलं.

"तार कुणी काढली?"

"मी," मी म्हटलं. "साफ करताना निघाली. मला वाटलं..."

त्याने पेटीमागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "आई, तुला हे असं बांधता येतं?"

 नवरा गॅलरीत गेलेला नव्हता. जमिनीवरून उठत म्हणाला, "तिने नाही. मी बांधली."

वर्षभरानंतरचे बापाचे मुलाशी पहिले शब्द हे.

"दोन गोष्टी सांगितल्या होत्या मी," मुलाचा आवाज चढला. "दोनच! की तारेला हात लावू नका. आणि काचेवरचा आकडा नुसता बघू नका, तो बसतो तिथलं बघा. पालथ्या घड्यावर पाणी! तुम्हाला तो नकोच होता ना? आता झालं ना मनासारखं?"

मी मधे पडणार होते. नवऱ्याने हाताने मला थांबवलं. हा माणूस कधी कुणाचं ऐकून घेत नाही, आणि त्या दिवशी उभा राहून सगळं ऐकत होता. मग म्हणाला, "आधी नको होता."

 मुलाने साहेबांना उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्र्याचं तोंड बांधलं आणि म्हणाला, "डॉक्टरांकडे न्यायला हवं. गाडी मी चालवतोय, कुणीतरी धरा."

 नाव साहेब ठेवलं म्हणून माझी भीती गेली असं थोडंच आहे? मी हात पुढे करते न करते तोच नवऱ्याने अभ्रा घेतला. वाटभर तो मांडीवर दोन्ही हातांत धरून बसला होता. आत हालचाल झाली की त्याचे खांदे आखडायचे, पण हात सुटले नाहीत. 

प्राण्यांच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, रविवारचा दवाखाना उघडून बसलेल्या. त्यांनी पोट साफ केलं, मलम लावलं, सुई टोचली. "भाजलंय बऱ्यापैकी," म्हणाल्या. "यांना पोटाखालची आच लवकर कळत नाही. ऊब हवी म्हणून तिथेच बसून राहतात. यात पू झाला तर जिवावर बेतेल. दिवसातून दोनदा मलम. तळाला रोज कोरा कागद. तळाचं तापमान दिवसातून चार-पाच वेळा बघायचं, तो बसतो तिथेच थर्मामीटर टेकवून. आणि पेटीची जागा सध्या बदलू नका. आधीच घाबरलाय तो." मग त्यांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. "घरी दिवसभर कोण असतं?"

मी लाँड्रीत. मुलगा गोदामात, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. मी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. तोही टेबलावरच्या अभ्र्याकडे बघत उभा होता. मला वाटलं मुलगा आता म्हणेल, मी रजा काढतो. म्हणेल, तुम्हीच ठेवून घ्या दवाखान्यात. तसं तो म्हणाला असता तर त्याचं चुकलंही नसतं.

मुलगा बराच वेळ साहेबांच्या पाठीवरून बोट फिरवत राहिला.

"बाबा असतात," तो म्हणाला.

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. चाळीस वर्षं दुसऱ्यांना जोडणी शिकवलेला माणूस मुलाला म्हणाला, "ती तार नक्की कुठे चिकटवायची, ते घरी गेल्यावर एकदा दाखव."

"दाखवतो. आणि रोज संध्याकाळी तळाचा आकडा मला सांगायचा. तुम्ही स्वतः. फोन आईकडे द्यायचा नाही."

"बरं," नवरा म्हणाला.

मी डॉक्टरीण बाईंना विचारलं, बरं व्हायला किती दिवस लागतील. त्या म्हणाल्या, जगला तर तीन-चार महिने, दोन-तीन वेळा कात टाकेपर्यंत. टेबलावर साहेब मलमाने माखलेले, निपचित पडले होते, आणि त्यांच्याकडे बघताना मला माझीच लाज वाटली. कारण मी मनात म्हणत होते, देवा, याला बरा कर, पण घाई करू नकोस.