चंद्रलोकची पाचवी भाषा

चंद्रलोक अपार्टमेंट हा स्वतंत्र देश झाला तेव्हा सत्यवती भोईर तिथेच खुर्चीवर बसून वाल सोलत होती. आपल्यासमोर काही इतिहास वगैरे घडतोय अशी तिला शंकाही आली नाही. सोसायटीची सभा म्हणजे हाताला काम आणि शेवटी बटाटावडा, एवढंच तिला ठाऊक. त्या दिवशी वडा जरा कच्चा होता, हेच तिच्या जास्त लक्षात राहिलं.

झालं असं, की सांडोर गावाच्या पलीकडे, गटाराच्या काठावर उभी असलेली ही इमारत नेमकी कुणाची हेच कुणी सांगेना. ग्रामपंचायत म्हणे, तुम्ही नगरपरिषदेचे. नगरपरिषद म्हणे, छे, तुम्ही ग्रामपंचायतीचे. कचरा उचलायला कुणी येईना, नळाला पाणी नाही, खांबावर दिवा नाही. सेक्रेटरी आत्माराम परब यांनी दोन्हीकडे खेटे घातले आणि एका रविवारी सभेत त्यांचा तोल गेला. ते टेबलावर हात आपटून ओरडले, "यांचे नाही, त्यांचे नाही, मग आम्ही काय वेगळा देश आहोत?"

आणि पाठीमागून क्लेमेंट लोपीस म्हणाला, "अनुमोदन."

क्लेमेंटची ही जुनी खोड. सभा लवकर आटपावी आणि वडे गरम असतानाच मिळावेत म्हणून कुणीही काहीही बोललं, की तो डोळे मिटूनच 'अनुमोदन' म्हणायचा. त्याच्या अनुमोदनावर सोसायटीने जिन्याला गुलाबी रंग दिला होता आणि एका वॉचमनला काढून पुन्हा त्यालाच ठेवला होता. दुसरा कुणी सेक्रेटरी असता तर हसून पुढे गेला असता. पण आत्माराम परब सरकारी भाषांतर खात्यातून निवृत्त झालेले. ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं, हरकत कुणी घेतली नाही. मग तो मंजूर झाला, त्यात त्यांचंही काही चालत नाही, असं त्यांचं मत. त्यांनी चष्मा पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "मंजूर."

देश म्हटला की सरकार आलं. आत्माराम आपोआप राष्ट्राध्यक्ष झाले. क्लेमेंटच्या भावाचा टँकर होता म्हणून त्याला पाणीखातं. सत्यवतीचा मुलगा कल्पेश रोज सातिवलीला कारखान्याच्या गाळ्यात कामाला जायचा, म्हणजे परदेशी जायचा, म्हणून तो परराष्ट्रमंत्री. गटारावरची फळी ही सरहद्द ठरली. दूधवाला फळीवर पाय ठेवायच्या आधी "येऊ का?" असं विचारू लागला आणि गंमत म्हणजे त्यात कुणालाच काही वावगं वाटेना. माणसांना कुठेतरी कुणाचं तरी असावंसं वाटतं. कुणीच घेत नसेल तर ती स्वतःचीच होऊन बसतात.

मग इतिहास हवा. तो आत्मारामांच्या पत्नी वसुंधराबाईंनी लिहिला, कारण त्यांनी शाळेत इतिहासच शिकवला होता. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, म्हणजे संसदेत, त्यांनी तो खणखणीत आवाजात वाचला. "प्राचीन काळी, म्हणजे पझेशन मिळण्यापूर्वी, या भूमीवर दलदल आणि डास यांखेरीज काहीही नव्हते." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सत्यवतीचे हात मात्र वालावरच थांबले. काही नव्हतं? जिथे वसुंधराबाई उभ्या होत्या तिथे भाताची खाचरं होती. जिन्याच्या जागी केळीची बाग होती. आणि इमारतीच्या मागे अजूनही बावखल होतं, बागेला पाणी द्यायला आजेसासऱ्यांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला आधी देव दाखवला आणि लगेच बावखल दाखवलं. शेत बिल्डरला गेलं, बाग गेली, राहिलं ते एवढंच. रोज सकाळी ती त्याच्या काठावर जाऊन बसायची. तिच्या जिवाला तेवढाच विसावा.

इतिहास संपला आणि राष्ट्राध्यक्षांनी पुढची घोषणा केली. देशाला संसद भवन हवं, पार्किंगमध्ये स्कूटरच्या तेलाचा वास येतो. तेव्हा मागचं बावखल डबर टाकून बुजवायचं आणि तिथे भवन बांधायचं. पुढच्या रविवारी ठराव येणार.

सत्यवतीने वाल बाजूला सारले. ती ताडकन उभी राहिली. "बुजवायचा? मना बोलायचा हाय!"

"बाई, कोणत्या भाषेत?" आत्मारामांनी विचारलं.

कारण देशाची घटना तोवर तयार झाली होती आणि ती त्यांनी एकट्याने बसून केली होती. देशात चार भाषांना मान्यता होती. त्यांची स्वतःची मालवणी, क्लेमेंटच्या घरची वाडवळी, दुकानवाल्यांची गुजराती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जितेंद्र देशमुखांची मराठी. ही मराठी पहिल्या दोन्हींहून वेगळी आणि शुद्ध आहे, असा त्यांचा हट्ट होता म्हणून वेगळी धरली. संसदेत ठरावावर बोलायचं तर ज्याने त्याने फक्त आपल्या घरच्या भाषेत. दुसऱ्याच्या भाषेत बोलणं म्हणजे घुसखोरी. आणि जिला मान्यता नाही तिच्यात बोललेलं ऐकूच येत नाही, असं समजायचं.

"मंग माझे भाषेला द्या मान्यता," सत्यवती म्हणाली.

आत्माराम खरोखर हळहळले. माणूस वाईट नव्हता, नियमाने पछाडलेला होता इतकंच. "नियम सोपा आहे. दोन नागरिकांनी ती भाषा एकमेकांशी संसदेत बोलून दाखवायची. इकडे चहा ठेवायचा, तो उकळेपर्यंत. तुमची भाषा देशात अजून कोण बोलतं?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. शेवटच्या खुर्चीवर सत्यवतीचा नवरा काळूराम बसला होता आणि छताकडे बघत होता.

इथेच सगळं घोडं अडलं. कारण सत्यवती आणि काळूराम एकमेकांशी बोलत नव्हते. काळूरामने शेताच्या कागदावर सही केली त्या दिवसापासून तिने त्याच्याशी एक अक्षर काढलं नव्हतं. वर मोबदल्यात काय घेतलं, तर तळमजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर! शेजारच्या गावात लोकांनी तेवढ्या जमिनीत प्रशस्त घरं पदरात पाडून घेतली आणि या बाबाला बिल्डरने खुशाल गुंडाळलं, हा तिचा राग काही केल्या निवेना. एका घरात राहत, एका चुलीवरचं खात. पण बोलणं कल्पेशमार्फत. "कल्पू, सांग तुझे आईला, कालवनात मीठ नाय." "कल्पू, सांग तुझे बापाला, मीठ डब्यात हाय." कल्पेश कामावर गेला की दोघं मांजराशी बोलत. मांजर बिचारं दोघांकडे आळीपाळीने बघे आणि कंटाळून खिडकीतून निघून जाई.

सत्यवतीने आधी कल्पेशलाच गळ घातली. पण त्याला ती बोली धड येत नव्हती, आणि जेवढी येत होती तेवढीची गाळ्यातल्या मित्रांपुढे लाज वाटायची. "आई, मी ऑलरेडी देशमुखांच्या मराठीत नाव दिलंय," असं म्हणून त्याने हात वर केले. मग ती मांजराला काखेत मारून आत्मारामांकडे गेली. आम्ही दोघं याच्यामार्फत बोलतो, ते धरा, म्हणाली. आत्मारामांनी घटना उघडून पाहिली आणि खेदाने मान हलवली. मांजर नागरिक नव्हतं.

उरला एकच उपाय. नवऱ्याशी बोलायचं. पण आधी बोलेल तो हरला, हे दोघांनाही न सांगता ठाऊक होतं. तिने निरोप धाडला, "कल्पू, इचार तुझे बापाला, रविवारी येनार का."

काळूरामने छताकडे बघतच उत्तर दिलं, "सांग तिला, येन. पन पयला शब्द माझा नसेल."

सत्यवती रात्रभर तळमळली. पहाटे बावखलाच्या काठाशी गेली तर दगडावर विडीची थोटकं पडलेली दिसली. काळूरामच्या ब्रँडची. म्हणजे हाही इथे येऊन बसतो तर, संध्याकाळचा, आपण नसताना! तिला अजूनच राग आला. विकताना काही वाटलं नाही आणि आता बसायला येतो मेला.

रविवार उजाडला. संसद झाडून काढली होती. वसुंधराबाईंनी स्टोव्हवर चहाचं मोठं पातेलं ठेवलं. गटारापलीकडे डबराने भरलेला ट्रक येऊन थांबला होता आणि ड्रायव्हर फळीच्या त्या बाजूला परवानगीची वाट बघत उभा होता. मध्ये दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. एकीवर सत्यवती, दुसरीवर काळूराम.

"सुरू करा," आत्माराम म्हणाले.

कुणीच बोलेना. सत्यवतीने ओठ घट्ट मिटले. काळूरामने छत शोधलं. पातेल्याच्या कडेने बुडबुडे यायला लागले. दुकानवाल्याने जांभई दिली. सत्यवतीच्या मनात आलं, बोल गं बाई, काहीही बोल, बावखल जातंय! पण जीभ टाळ्याला चिकटून बसलेली. इतक्या वर्षांचा हट्ट असा एका सकाळी सुटतो थोडाच. चहा वर चढू लागला. आत्मारामांनी घड्याळाकडे नाही, पातेल्याकडे पाहिलं आणि निकाल द्यायला तोंड उघडलं.

"अगो, चा उतू जाते," काळूराम म्हणाला.

सरळ तिच्याकडे बघून म्हणाला. मांजर नाही, कल्पेश नाही, मध्ये कुणी नाही.

"जाऊंदे उतू!" सत्यवतीच्या तोंडचं धरण फुटलं. "अख्खा शेत गेला तवा नाय बघितला, आता चा बघता! केली गेल्या, भात गेला, आनि घेतला काय, तर एक खोली! मानसा येतात घरान, बसायला जागा नाय!"

"एक खोली का घेतली, ता इचारलास कधी?"

"इचारू कशाला? सगला गाव हसला!"

"हसूंदे गाव!" काळूराम खुर्चीवरून उठला. "बिल्डर तीन खोल्या देत होता. वरच्या माल्यावर. पन बावखलावर दुसरी बिल्डिंग बांदनार बोलला. मी बोललो, बावखलाला हात लावायचा नाय, मना खोली एक दे. तवा तो कबूल झाला. म्हून हाय तो बावखल अजून! तू सकालची कुठं बसतेस ता मना म्हाईत नाय काय?"

चहा भसकन उतू गेला आणि स्टोव्ह विझला.

सत्यवतीला भोवतालचं काही दिसेना. इतकी वर्षं ज्या खोलीला ती शिव्या देत होती ती खोली म्हणजेच ते बावखल होतं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा भयंकर रागही आला.

"मंग सांगायचा होता मना!"

"बोलत होतीस काय तू?"

"मांजराला सांगायचा!"

"मांजराला काय समजते बावखलाचा?"

तिने पदराने डोळे पुसले आणि साऱ्या संसदेकडे वळून, ट्रकवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "मंग ऐका सगल्यांनी. तो बावखल कोनीच बुजवायचा नाय. कदीच नाय!"

"अनुमोदन," क्लेमेंट म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते.

आत्माराम परबांनी इकडे तिकडे पाहिलं. भाषेला मान्यता मिळाली चहा उतू गेल्यावर, आणि ठराव आला त्यानंतर. क्रम बरोबर होता. हरकत कुणाची? जितेंद्र देशमुखांनी तोंड उघडलं, पण बायकोने त्यांना कोपर मारलं. मग राष्ट्राध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. तो जरा जास्तच वेळ पुसला. "मंजूर," ते म्हणाले, आणि ड्रायव्हरला फळीवरूनच परत पाठवण्यात आलं.

एक अट तेवढी राहिली. घटनेप्रमाणे मान्य भाषा रोज वापरात हवी, नाहीतर मान्यता रद्द आणि तिच्यातले ठरावही रद्द. तेव्हा रोज संध्याकाळी दोघांनी बावखलाच्या काठावर बसून, पातेलंभर चहा उकळेल इतकं तरी बोलायचं. कायदा तो कायदा. सुरुवातीला सत्यवती तोंड फुगवूनच बसे. पहिला आठवडा मिठावर गेला. पुढे केळीवर आले, मग सासूवर, मग कुणाच्या तरी लग्नात कोण कसं नाचलं होतं यावर. चहा घरात थंड होऊन जाई.

पुढच्या वर्षी नगरपरिषदेने निमूटपणे इमारत आपल्या हद्दीत घेतली. नळ आला, दिवा आला, घरपट्टी आली. देश गाशा गुंडाळून मोकळा झाला. आत्माराम पुन्हा सेक्रेटरी झाले, दूधवाला न विचारता येऊ लागला. हे सगळं सत्यवतीने नळाखाली हंडा धरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि घरात चकार शब्द काढला नाही.

एकदा कल्पेश कामावरून आला तर बाप संध्याकाळचा सदरा चढवून मागे निघालेला. "बाबा," तो हसून म्हणाला, "अहो, तो देश केव्हाच खलास झाला. आता कायदाबियदा काही नाही. आईला सांगितलं नाही का कुणी?"

काळूरामने घाईने दार लोटून घेतलं. "गप रं. हळू बोल. तिला नको सांगू."

आत, दाराच्या पलीकडे, सत्यवती कपबशा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. मग भांड्यांचा मुद्दाम मोठा आवाज केला आणि ओरडली, "आवो, चला लवकर! उशीर झाला तर मान्यता जायाची."