टाकीपर्यंतची फेरी

व्हॅन पुन्हा पहिल्याच किल्लीला चालू झाली आणि मिस्त्रीने वैतागून स्टीअरिंगवर थाप मारली.

"बंद पड ना," तो म्हणाला. "एकदा तरी बंद पड."

गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला हसू आलं. "बाबा, लोक गाडी चालू व्हावी म्हणून रडतात. तुमचं उलटंच चाललंय."

"बंद पडल्याशिवाय कळणार कसं? धडधाकट माणसाला काय तपासायचं?"

शनिवारची दुपार होती. सकाळपासून त्याने प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, बॅटरीची टोकं घासून पुसून घट्ट केली, हवा आत जाते तिथला कार्बन काढला. पंपाचं प्रेशर मोजलं, बरोबर होतं. स्कॅनर लावला, तर त्यात एकही दोष दिसेना. दोनदा गाडी रस्त्यावर काढली, पाण्याच्या टाकीपर्यंत नेली आणि परत आणली. एका फेरीला जाऊन-येऊन आठ मिनिटं. गाडी लोण्यासारखी चालली.

टाकीपर्यंतची फेरी ही त्याची नेहमीची परीक्षा. तीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेली प्रत्येक गाडी त्या टाकीला वळसा घालून आली होती. गाडी तिथवर जाऊन आली की त्याच्या लेखी ती बरी झाली.

ही व्हॅन त्याच्या बायकोची. अकरा वर्षं ती हिच्यातून शाळेची मुलं ने-आण करत होती. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी तिला अंथरुणातून उठताच आलं नाही. डोक्यात रक्त साकळलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. व्हॅन तेव्हापासून गॅरेजच्या मागच्या भिंतीला लावलेली होती.

आता मुलीने कापडाच्या दुकानातली नोकरी सोडून आईची फेरी चालवायचं ठरवलं होतं. नऊ मुलं होती. त्यांच्या आईबापांनी दोन महिने कसेबसे काढले, पण परवा एकाने फोनवर स्पष्टच सांगितलं, सोमवारी गाडी आली तर ठीक, नाहीतर आम्ही सगळे दुसरी बघतो. मुलगी तयार होती. तिची एकच अट होती.

"मला आईसारखं करायचं नाहीये," ती म्हणाली. "रोज जीव मुठीत धरून. गाडी मधेच बंद पडते, हे तुम्ही आधी नीट करा. मगच मी मुलं बसवणार."

"कोण म्हणतं बंद पडते?"

"आई म्हणायची."

बायको म्हणायची हे खरं होतं. दोन वर्षं म्हणत होती. त्याने तीनदा गाडी पाहिली होती, तिन्ही वेळा टाकीपर्यंत नेऊन आणली होती आणि तिन्ही वेळा सांगितलं होतं की गाडीत काही नाही. तिसऱ्या वेळी गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर तो म्हणाला होता, "गाडी चांगली आहे हो, ड्रायव्हरचा पाय क्लचवर आहे." गिऱ्हाइकं हसली. तीही हसली. त्यानंतर तिने गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याला वाटलं, पाय सुधारला.

आणखी एक गोष्ट त्याला आठवत होती. एकदा ऑइल बदलायला त्याने सीट उचलली, या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, तर आत ओल्या फडक्याचा बोळा. तो केवढ्यांदा ओरडला होता. "इंजिनवर फडकी वाळत घालतेस का? आग लागेल एखाद दिवशी!" तिने निमूटपणे फडकं उचलून नेलं होतं.

"आई कशी चालवायची?" त्याने आता मुलीला विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी निघाल्यापासून काय काय करायची? एकेक सांग. तू सुट्टीत जायचीस ना तिच्याबरोबर?"

मुलगी फळीवर बसली आणि बोटांवर मोजू लागली. "पहिलं घर शिंप्याचं, शेजारची धरून चार मुलं. तिथं तीन मिनिटं. मग पुलाजवळ दोन मुली, त्या दारातच उभ्या असतात. मग जुळे. तिथं सात-आठ मिनिटं, कारण एकाचा बूट कायम हरवलेला. मग चढ. मग शेवटी एका आजींचा नातू, तो उठलेलाच नसतो. तिथं दहा मिनिटं सुद्धा."

"आणि तेवढा वेळ गाडी बंद?"

"छे. चालूच. आई कधीच बंद करायची नाही."

"पेट्रोल जाळत बसायची?"

"बंद केली तर परत चालू होईल याची खात्री नव्हती ना, बाबा."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. टाकीपर्यंत आठ मिनिटं. आणि ती रोज तासभर, थांबत थांबत, इंजिनावर बसून. त्याने तीस वर्षांत कुठल्या गाडीला असं तासभर रांगवत ठेवलं नव्हतं. तेवढा वेळ कुणाकडे असतो?

रविवारी सकाळी सातला तो एकटाच निघाला. सीट त्याला जवळ पडत होती, गुडघे स्टीअरिंगला लागत होते, पण त्याने ती मागे सरकवली नाही. तिच्या बसण्यात काही असेल तर तेही कळायला हवं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

शिंप्याच्या घरापुढे तीन मिनिटं थांबला. शिंपी खिडकीतून बघत राहिला, मग पडदा ओढून घेतला. पुलाजवळ थांबला. जुळ्यांच्या घरापुढे घड्याळ लावून आठ मिनिटं थांबला. रस्त्यावर कुणी नव्हतं. सरकतं दार त्याने उघडून ठेवलं होतं, कारण ती उघडून ठेवायची. सीट हळूहळू तापत होती. पँटमधून चटका जाणवू लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की घरी आल्यावर ती आधी जमिनीवर का बसायची. गार लागतं म्हणायची.

चढ चढून तो आजींच्या घरापुढे आला आणि थांबला. चौथ्या मिनिटाला इंजिन गप्प झालं. धडपडलं नाही, खोकललं नाही. कुणी बटण बंद करावं तसं गप्प.

त्याने किल्ली फिरवली. स्टार्टर गरगर फिरला, इंजिन लागेना. मागे पेट्रोलच्या टाकीत पंपाची घरघर ऐकू येत होती, म्हणजे पेट्रोल होतं. तो पुन्हा किल्ली फिरवून समोर बघत राहिला. इंजिन फिरत असूनही फेरे मोजणारा काटा शून्यावर मेल्यासारखा पडून होता. इंजिन फिरतंय ही खबरच गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नव्हती. खबर नाही, म्हणून ठिणगी नाही.

दोन वर्षं जे नाही असं तो सांगत होता, ते समोर होतं.

फाटक वाजलं. आजी बाहेर आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भिजवलेलं फडकं.

"आवाज थांबला तेव्हाच म्हटलं," त्या म्हणाल्या. "पण आज रविवार. आणि तुम्ही कोण?"

"मी... मुलं नेणाऱ्या बाईंचा नवरा."

"अगंबाई. गॅरेजवाले तुम्हीच का ते?" आजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ती म्हणायची, आमच्या ह्यांच्या हाताला गुण फार. साऱ्या गावाच्या गाड्या बऱ्या करतात, माझी तेवढी सोडून."

"असं म्हणायची?"

"हसून म्हणायची हो. राग नव्हता तिला." त्यांनी फडकं पुढे केलं. "घ्या. उचला ती सीट."

त्याने सीट उचलली. गरम वाफारा तोंडावर आला.

"कुठं ठेवायची ती हे?"

"तिथं नाही. पार आत. कोपरापर्यंत हात घालायची. त्या मोठ्या लोखंडाच्या सांध्याशी एक काळी वायर जाते बघा, तिच्या टोकाशी. आधी कुठंकुठं ठेवून बघितलं तिने. त्या नळीवर, त्या डब्यावर. कशानं काही होईना. मग एक दिवस तिथं ठेवलं आणि लागली गाडी. काय खूश झाली होती! एकदा हात भाजला इथं मनगटाला, तरी सोडलं नाही."

मनगटावरचा तो डाग मिस्त्रीने पाहिला होता. तव्याचा म्हणून सांगितला होता तिने.

त्याने हात आत घातला. काळ्या वायरच्या टोकाशी बोटाएवढा सेन्सर होता, इंजिनाचं फिरणं मोजणारा. तापला की आंधळा होतो, गार झाला की पुन्हा बघू लागतो. स्कॅनरला तो तापल्याशिवाय सापडला नसता. तिला सापडला होता, एका फडक्याच्या जोरावर.

त्याने फडकं दाबून धरलं. आजी तांब्यातलं पाणी थोडं थोडं ओतत राहिल्या. नातवाची शाळा, गुडघे, नळाची वेळ, असं काहीबाही बोलत राहिल्या. दहा मिनिटांनी त्याने किल्ली फिरवली. काटा उडाला, गाडी लागली.

"बघा," आजी म्हणाल्या. "तुम्हालाही जमलं."

रविवारी स्पेअरचं दुकान बंद असतं. त्याने दुकानदाराला घरून उठवलं. शटर अर्धं वर करून दुकानदाराने खोक्यांमधून सेन्सर शोधून काढला.

"कुणाची गाडी एवढ्या घाईची?"

"बायकोची," मिस्त्री म्हणाला.

दुकानदार तिला ओळखत होता, मातीलाही आला होता. तो सेन्सर कागदात बांधत राहिला.

सेन्सर बसवायला वीस मिनिटं लागली. दोन वर्षांचं दुखणं, आणि एक बोल्ट.

दुपारी मुलगी चाचणीला निघाली. मिस्त्रीने तिला सांगितलं, टाकीपर्यंत नको, सगळी फेरी कर, थांबत थांबत.

"तिचं बरोबर होतं," तो म्हणाला.

"कशाचं?"

"गाडीचं."

"ते तिला माहीत होतं, बाबा. तुम्हालाच माहीत नव्हतं." मग तिला वाईट वाटलं असावं. "या, पुढे बसा ना."

"मागे बसतो."

मागची सीट मुलांच्या मापाची होती. तो अंग चोरून, गुडघे वर घेऊन बसला. शिंप्याकडे थांबले, पुलाजवळ थांबले, जुळ्यांकडे थांबले, चढ चढले. शेवटच्या घरापुढे मुलीने गाडी उभी केली आणि इंजिन चालू ठेवून दोन्ही हात मांडीवर घेतले. चार मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा झाली. इंजिन एका सुरात चालू होतं.

अकरा वर्षांत बायको चालवत असताना तो या गाडीत एकदाही बसला नव्हता. इथून मुलीची मान दिसत होती, एका बाजूचा कान, कानामागे खोचलेले केस आणि आरशात कपाळाचा एक तुकडा. नऊ मुलांना हे रोज दिसायचं.

"झाली ना टेस्ट?" मुलीने आरशातून विचारलं. "बंद करू?"

"नको," मिस्त्री म्हणाला. "राहू दे थोडा वेळ."