तुझी नि माझी वही

तेजश्रीबाईंनी चौथीच्या एक्केचाळीस वह्यांवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘ही वही तुझी नि माझी. तिसरं कुणी वाचणार नाही.’ गोष्टीचं पुस्तक वाचायचं आणि मनात येईल ते या वहीत उतरवायचं. बाई खाली शिसपेन्सिलीने उत्तर लिहिणार, लाल पेनाचं नावच नको.

पहिला महिना पोरांची मजल ‘गोष्ट छान होती’च्या पुढे गेली नाही. खाडीकाठच्या दिवाळे गावची नमिता मात्र पानंच्या पानं भरायची. आईबाप तिला आठवतही नव्हते. आजोबा कमळाकर गेल्या वर्षी खाडीत होडी बुडून गेले. आता घरात आजी शेवंताबाई आणि काका प्रीतम. तोंडाने पोर कधी बोलायची नाही, वहीत बोलायची. बाईंना त्याचा फार अभिमान. अभिमानाने माणूस जरा आंधळा होतोच.

एका गोष्टीत उंदीर होडीचा दोर कुरतडतो. नमिताने लिहिलं, ‘उंदराने होडीच्या फळ्यांमधला कापूस उपसला. उंदीर घरातलाच होता.’ होडीत कापूस? बाई साताऱ्याच्या, खाडी त्यांनी पुलावरूनच पाहिलेली. त्यांनी कौतुकाने लिहिलं, ‘काय छान कल्पना! हे तुला कसं सुचलं? पुढच्या पानावर सांग.’

ते पुढचं पान वाचायच्या आतच मुख्याध्यापकांनी बोलावलं.

“तपासणी येतेय. वह्यांवर पालकांच्या सह्या कुठायत?”

“सर, या वह्या खाजगी आहेत.”

“चौथीच्या पोरांचं कसलं खाजगी, मॅडम? सोमवारी सह्या पाहिजेत. मला टेन्शन नको.”

आपल्या शाळांचं विचारावाचून चालतं, सहीवाचून चालत नाही. बाईंनीही मान हलवली आणि शुक्रवारी वह्या घरी धाडल्या. वही दप्तरात ठेवताना नमिता पुटपुटली, “बाई, काकाची सही?”

“हो गं. फक्त सही. वाचत कोण बसतंय?”

नमिताने वहीच्या कव्हरवरची ओळ एकदा पाहिली आणि दप्तर बंद केलं.

शनिवारी नमिता शाळेत आली नाही. पहिल्याच तासाला दारात आला तो प्रीतम. इस्त्रीचा शर्ट, जोडलेले हात, आवाजात साखर.

“मॅडम, नमी आज येनार नाय. होडीतनं फिरवून आनतो तिला.”

“वहीवर सही झाली का?”

“केली नं. तुमच्या प्रश्नाचं तिनं लय सविस्तर उत्तर लिवलंय.” तो हसला. “तुमी वाचलंत का?”

“नाही हो, राहिलंच.”

“र्‍हाऊ द्या. सोमवारी वाचा.” त्याने हुश्श केलं, आणि ते बाईंना ऐकू आलं. “चलतो. भरती हाय तवर निघायला हवं.”

तो गेला आणि बाई दाराशीच थबकल्या. बाईंनी वही वाचली नाही म्हटल्यावर पालक हिरमुसतात, नाहीतर चिडतात. याला बरं का वाटलं? त्यांनी वर्गाला विचारलं, “होडीत कापूस असतो का रे?”

पहिल्या बाकावरची सुचिता, तीही दिवाळ्याचीच, फिदीफिदी हसली. “बाई, तुमाला एवढं पन नाय म्हाईत? फल्यांच्या फटीत कापूसच भरतात. तो काढला तर होडी बुडनार नं!”

मग ती कल्पना नव्हतीच. आजोबांची होडी कुणी बुडवली ते पोरीने डोळ्यांनी पाहिलं होतं, जिच्यावर विश्वास ठेवला तिला लिहून कळवलं होतं, आणि त्या बाईने ती वही त्या उंदराच्याच हातात दिली होती. बाई वर्ग तसाच टाकून धावत सुटल्या. पोलिसांना फोनवर काय सांगितलं ते रिक्षात बसल्यावर त्यांना आठवेना.

धक्क्यावर शेवंताबाई बोंबील वाळत घालत होत्या. “आताच गेली नं दोघं,” त्या म्हणाल्या. “पोरगी रडत व्हती. मी बोलले, बाईंना सांग, तर बोलली, बाईंनीच वही काकाला दिली.”

होडी अजून दिसत होती. तेजश्रीबाई कमरेएवढ्या चिखलपाण्यात उतरून घसा फुटेस्तोवर ओरडल्या, “नमिता! अगं, मी आलेय!”

प्रीतमने वल्हं थांबवून हात हलवला, अगदी ओळखीच्या माणसाला हलवावा तसा.

नमिताने वळून बाईंकडे पाहिलं. मग तिने तोंड फिरवलं.